नापास झालेली मोटार

परदेशीं स्थायिक झालेल्या मुलांकडे चार-सहा महिने राहून येणारे आईबाप व काका-मामा आतां आपल्या समाजांत घरोघर आहेत. तिकडील थंडी, तिकडील शाळा, तिकडील भाजीचे भाव यांविषयीं परत आल्यावर पुष्कळ बोलणें होतें. मोटारीविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. आणि खरें पाहतां स्वयंपाकघराच्या खालोखाल तिकडचा संसार चालतो तो मोटारीवर. गेल्या वर्षीं लेस्टर येथें पुतण्याकडे असतांना या मोटारीनें आम्हां सर्वांस एक दिवस चांगलेंच पेंचांत धरलें. तिकडे ज्यांचीं मुलें-सुना आहेत अशा वाचकांस त्या दिवसाची हकीकत उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहें.

ब्रिटनमध्यें मोटार ३ वर्षांची झाली कीं दर वर्षीं तिची सुरक्षिततेची परीक्षा करून घ्यावी लागते. परिवहन मंत्रालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक तिला ‘एम. ओ. टी.’ म्हणतात. ही प्रथा १९६० सालीं सुरू झाली, तेव्हां ती १० वर्षांपेक्षां जुन्या मोटारींनाच लागू असून ब्रेक, दिवे व सुकाणू एवढेंच पाहिलें जात असे. इतक्या मोटारी नापास होऊं लागल्या कीं पुढच्याच वर्षीं ती मर्यादा ७ वर्षांवर व १९६७ सालीं ३ वर्षांवर आणावी लागली. परीक्षेची फी मोटारीस अधिकांत अधिक ५४ पौंड ८५ पेन्स घेतां येते. परीक्षा घेतात त्या मात्र बहुतेक ठिकाणीं खाजगी गॅरेजवाल्यांनीं, सरकारचा परवाना घेऊन. म्हणजे दोष काढणारा आणि त्या दोषाच्या दुरुस्तीचे पैसे घेणारा एकाच छपराखालीं बसलेला असतो. परीक्षकानेंच मुलास नापास करावें आणि मग त्याच्या बापास शिकवणीचा दर सांगावा, असा हा प्रकार मला प्रथम वाटला.

पुतण्या त्या आठवड्यांत कामानिमित्त स्कॉटलंडकडे गेला होता. शनिवारीं लंडन येथें एका आप्तांकडे मुंज होती व आम्हांस मोटारीनेंच जावयाचें होतें. जुन्या दाखल्याची मुदत अजून १८ दिवस होती. तरी लांबच्या प्रवासापूर्वीं परीक्षा उरकून घ्यावी म्हणून सूनबाईनें गुरुवारीं सकाळीं मोटार गॅरेजमध्यें नेऊन दिली. अकराच्या सुमारास टेलिफोन आला: मोटार नापास, दुरुस्तीस ७४० पौंड पडतील, सर्व दुरुस्ती झाल्याशिवाय मोटार येथून हलवितां येणार नाहीं, आतां होकार दिला तर उद्यां सायंकाळीं मिळेल.

माझा संताप झाला. बाईमाणूस एकटी पाहून हे लोक पैसे उकळीत आहेत, मोटार आपली, जुना दाखला चालू आहे, किल्ली घ्यावी आणि चालूं लागावें, असें मीं स्पष्ट सांगितलें. सूनबाई शांतपणें म्हणाली, “काका, आधीं कागद तर पाहूं या. टेलिफोनवर मी कशालाच हो म्हटलेलें नाहीं.”

हें तिचें न म्हटलेलें ‘हो’ फार मोलाचें होतें, हें मला मागाहून कळलें. दुरुस्तीस संमति दिली, काम झालें आणि बिल चुकतें केलें नाहीं, तर गॅरेजवाल्यास मोटार अडवून ठेवण्याचा हक्क पोंचतो. परंतु मोटार नापास झाली एवढ्यावरून ती त्याच्याच हातून दुरुस्त करून घेण्याचें बंधन कोणावरहि नाहीं.

परीक्षेत नापास झालेल्या मोटारीच्या मालकास दोषांचा छापील कागद मिळतो. २०१८ च्या मे महिन्यापासून त्यांत दोषांची प्रतवारी केलेली असते. पहिला वर्ग ‘धोकादायक’, दुसरा ‘मोठा’. यांपैकीं एक जरी असला तरी मोटार नापास. तिसरा ‘किरकोळ’, तो लिहून ठेवतात, पण मोटार पास होते. याशिवाय खालीं ‘सूचना’ असतात: अमुक भाग झिजत चालला आहे, लक्ष ठेवा, इतकाच त्यांचा अर्थ. सूचना हा दोष नव्हे.

आमच्या कागदावर दोनच दोष होते. पुढच्या डाव्या टायरचे धागे उघडे पडले आहेत, हा धोकादायक. आणि वायपरचें रबर कांच पुसत नाहीं, हा मोठा. मागचे ब्रेक झिजले आहेत, ही सूचना. आणि ७४० पौंडांपैकीं ६०० हून अधिक रक्कम याच ब्रेकांची होती! माझा संशय खरा ठरला म्हणून मी मनांतल्या मनांत सुखावलों, आणि पुन्हां म्हटलें, “पाहिलेंस? आतां किल्ली माग.” कारण तो टायर मीं स्वतः आदल्या दिवशीं पाहिला होता व त्याच्या नक्षीला कांहीं झालेलें नव्हतें.

सूनबाईनें किल्ली मागितली नाहीं. तिनें, टायर मला दाखवाल का, असें विचारलें. परीक्षा घेणारा तरुण निराळा होता, बिल सांगणारा निराळा. त्या तरुणानें लगेच मोटार लिफ्टवर उचलून विजेरी धरली. बाहेरच्या बाजूनें धडधाकट दिसणारा टायर आंतल्या कडेला असा झिजला होता कीं बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत रबर मुळीं उरलेंच नव्हतें. तारा चमकत होत्या. चाकांचा कोन बिघडला कीं असें होतें, नवा टायर घालाल तर कोनहि तपासून घ्या, नाहींतर तोहि असाच जाईल, असें त्यानें आपण होऊन सांगितलें. मी एक अक्षर बोललों नाहीं. याच टायरावर दोन मुलांस मागें बसवून एम. वन महामार्गावरून तासाला ७० मैलांच्या वेगानें लंडन गांठण्याचा माझा सल्ला होता.

तेव्हां नियम नीट समजून घ्यावा. जुन्या दाखल्याची मुदत शिल्लक आहे व कागदावर धोकादायक दोष नाहीं, तर नापास झालेली मोटारहि घेऊन जातां येते. मात्र ती रस्त्यावर चालविण्यास योग्य असलीच पाहिजे, ही जबाबदारी चालविणाराची. दाखल्याची मुदत संपली असेल तर दुरुस्तीच्या जागीं किंवा आगाऊ ठरविलेल्या परीक्षेस, एवढ्यापुरतीच ती चालवितां येते. आणि धोकादायक दोष लिहिला गेला असेल, तर तो दूर होईपर्यंत ती चालवूंच नये. दुसऱ्या गॅरेजांत न्यावयाची तर मालवाहू गाडीवर चढवून न्यावी. हा नियम मोडणारास २,५०० पौंडांपर्यंत दंड, परवान्यावर ३ दोषगुण व प्रसंगीं वाहन चालविण्याची बंदीहि होते. निकाल सरकारी नोंदींत तत्काळ चढत असल्यामुळें लपविण्यास जागा नाहीं. २००५ पासूनच्या या नोंदी मोटारीच्या क्रमांकावरून कोणासहि फुकट पाहतां येतात, हें जुनी मोटार घेणारांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

गॅरेजवाल्याचें म्हणणें असें अर्धें खरें व अर्धें खोटें होतें. मोटार हलवितां येणार नव्हती हें खरें; पण टायर बदलेपर्यंत, सातशें चाळीस पौंड मोजीपर्यंत नव्हे. सूनबाईनें टायर व वायपर एवढ्याच कामाचा दर लेखी मागितला. तो ११२ पौंड निघाला. ब्रेक आत्तां नको, असें तिनें सांगितलें. बिलवाला रागावला नाहीं कीं वादहि घातला नाहीं. त्यानें नवा कागद लिहिला. सवयीचा खेळ असावा. चारच्या सुमारास दोन्हीं कामें झालीं व फेरपरीक्षा तेथेंच, फी न घेतां झाली. परीक्षेच्या जागींच मोटार ठेवून १० कामकाजाच्या दिवसांत दुरुस्ती केली, तर फेरपरीक्षेचे पैसे पडत नाहींत. मोटार बाहेर नेऊन दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाअखेर परत आणली, तरी टायर, वायपर यांसारख्या ठरलेल्या दोषांपुरती ती फुकट असते.

निकालच चुकीचा वाटला तर सरकारी खात्याकडे १४ कामकाजाच्या दिवसांत दाद मागतां येते. मात्र दोषाच्या भागास तोंवर हात लावूं नये, नाहींतर पाहणारा अधिकारी पाहणार काय? पुन्हां पूर्ण फी भरावी लागते. आपलें म्हणणें खरें ठरल्यास ती परत मिळते.

परीक्षक व कारागीर एक असावा कीं निराळा, या प्रश्नाचें उत्तर त्याच राज्यांत दोन तऱ्हेनें दिलेलें आहे. उत्तर आयर्लंडमध्यें ही परीक्षा खाजगी गॅरेजांत होत नाहीं, सरकारी केंद्रांत होते, आणि तेथें दुरुस्ती करीत नाहींत. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षें चालते व पुढें तपासणी करून ५-५ वर्षांनीं वाढवितात. २०२१ सालीं केंद्र सरकारनें स्वयंचलित तपासणी केंद्रांचे जे नियम केले, त्यांत केंद्र चालविणारानें दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांच्या विक्रीचा धंदा करूं नये अशी अट आहे. कागदावर तरी ही वांटणी मला इंग्लंडपेक्षां सरस वाटते. पण एकाच जागीं दोष निघून दुपारीं तो दुरुस्तहि होणें ही नोकरी करणाऱ्या सुनेस केवढी सोय आहे, हें मीं त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिलें. म्हणून फार जोरानें बोलवत नाहीं.

शुक्रवारीं दुसऱ्या एका गॅरेजांत चाकांचा कोन ४० पौंडांत नीट करून घेतला. जें काम खरोखर आवश्यक होतें, तें ७४० पौंडांच्या यादींत नव्हतेंच! तेथील वृद्ध कारागिरानें मागचीं चाकें काढून ब्रेक पाहिले आणि हा हिवाळा काढतील, वसंतांत पुन्हां दाखवा, असें सांगितलें. त्याप्रमाणें मार्चमध्यें ते २१० पौंडांत बदलल्याचें पुतण्यानें मला कळविलें.

शनिवारीं पहाटे आम्ही लंडनला निघालों. वाटेंत चहासाठीं थांबलों, तेव्हां मुलें खालीं उतरल्यावर मी डाव्या बाजूस जाऊन त्या टायरापाशीं दोनदां वाकलों. बाहेरून कांहींच कळत नव्हतें.