नवी डिस्क, जुनी मोजणी
जुन्या संगणकाला ४ टेराबाइटची हार्ड डिस्क जोडली, की कधीकधी तिची जेमतेम निम्मी जागाच वापरता येते. डिस्क सदोष नसते. अडचण पत्त्यांची असते. १९८३ पासून चालत आलेल्या एमबीआर या विभागणी-पद्धतीत प्रत्येक सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितात. म्हणजे सुमारे ४२९ कोटी क्रमांक. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट धरले, तर हिशेब २.२ टेराबाइटवर संपतो. जीपीटी या नव्या पद्धतीत क्रमांक ६४ बिटांचा असल्याने ही अडचण उरत नाही. विंडोज ७ मध्ये अशा डिस्कवर माहिती साठवता येते. मात्र त्याच डिस्कवरून विंडोज सुरू करायचे, तर यूईएफआय असलेला मदरबोर्ड लागतो. पद्धत बदलताना डिस्क कोरी होऊ शकते, म्हणून फोटो-कागदपत्रांची दुसरी प्रत आधी काढून ठेवाच.