क्रॉसओव्हर मोटारींचे मागील सस्पेन्शन

क्रॉसओव्हर मोटारींचे मागील सस्पेन्शन ही अशा मोटारीची मागची चाके तिच्या सांगाड्याशी लवचिकपणे जोडणारी यंत्रणा होय. स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर (गॅरेजमधील रूढ नाव शॉकअप), आडवा बीम किंवा भुजा, रबरी बुश आणि बम्प स्टॉपर हे तिचे प्रमुख घटक आहेत. गाडीचा व मालाचा भार पेलणे, रस्त्याचे धक्के सौम्य करणे आणि टायर रस्त्याला सतत टेकलेला ठेवणे ही तिची तीन कार्ये आहेत. पहिल्या दोन कार्यांत उणीव आल्यास प्रवाशांना त्रास होतो. तिसऱ्यात उणीव आल्यास ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्याचे अंतर वाढते आणि ओल्या वळणावर मागची बाजू घसरू शकते.

या यंत्रणेतील अनेक बिघाडांची लक्षणे सारखी असतात. मागून येणारा खटखटाट शॉकअप, बुश, तुटलेली स्प्रिंग, सैल ब्रेक कॅलिपर किंवा डिकीतील जॅक यांपैकी कशामुळेही होऊ शकतो. त्यामुळे भाग बदलण्यापूर्वी क्रमाने निदान करणे महत्त्वाचे ठरते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड-जामसंडे परिसरासारख्या किनारी भागात खारी हवा, मुसळधार पाऊस आणि मोसमी मालवाहतूक यांमुळे या बिघाडांना वेगळे स्वरूप येते.

पार्श्वभूमी

क्रॉसओव्हर म्हणजे दिसण्यात व उंचीत जीपवजा गाडीसारखी, परंतु बांधणीत हॅचबॅक किंवा सेडानप्रमाणे सलग सांगाड्याची मोटार. महिंद्रा बोलेरोसारख्या गाड्यांत स्वतंत्र लोखंडी चासी असते आणि मागील अखंड ॲक्सल पाट्यांवर टेकलेला असतो. क्रॉसओव्हरमध्ये चासी व पाटे नसतात. मागील सस्पेन्शनचा भार थेट पत्र्याच्या सांगाड्यावरील मजबूत केलेल्या जागांवर येतो.

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. त्यानंतरच्या दशकात या मर्यादेत बसणारे क्रॉसओव्हर भारतात लोकप्रिय झाले. फोर्ड इकोस्पोर्ट (२०१३), मारुती सुझुकी विटारा ब्रेझा (२०१६) आणि टाटा नेक्सॉन (२०१७) ही त्यांची उदाहरणे होत. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील रांजणगाव, चाकण व पिंपरी येथे आणि नाशिक येथे अशा मोटारींचे उत्पादन होते.

प्रकार

ट्विस्ट बीम

बहुतेक लहान व मध्यम क्रॉसओव्हरमध्ये ट्विस्ट बीम (टॉर्शन बीम) हा प्रकार असतो. नेक्सॉन, ब्रेझा, महिंद्रा एक्सयूव्ही ३००, स्कोडा कुशाक व फोक्सवॅगन टायगुन या गाड्यांत तो आढळतो. यात दोन भुजा एका आडव्या, उघड्या घडणीच्या पोलादी बीमने जोडलेल्या असतात. प्रत्येक भुजेचे पुढचे टोक मोठ्या रबरी बुशद्वारे सांगाड्याला बसवलेले असते आणि मागच्या टोकावर चाकाचा हब असतो. एक चाक खड्ड्यात गेले की बीम पिळला जातो, त्यामुळे दुसऱ्या चाकावर मर्यादित परिणाम होतो. म्हणूनच या रचनेस अर्धस्वतंत्र म्हणतात. १९७४ मध्ये आलेल्या फोक्सवॅगन गोल्फमुळे ती जगभर रूढ झाली. सुटे भाग कमी, वजन कमी आणि डिकीस जागा जास्त हे तिचे फायदे आहेत. बहुतेक गाड्यांत मागील चाकांचे कोन मात्र फिरवून जुळवण्याची सोय नसते.

मल्टी-लिंक

महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या मोठ्या क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येक मागचे चाक अनेक स्वतंत्र भुजांनी धरलेले असते. रेनॉ डस्टरच्या पहिल्या पिढीत दोन चाकांना चालना असलेल्या गाडीस टॉर्शन बीम, तर चारही चाकांना चालना असलेल्या गाडीस मल्टी-लिंक होते. या प्रकारात आराम व पकड चांगली मिळते. परंतु बुश व सांधे अधिक असल्याने झिजणाऱ्या जागाही अधिक असतात.

घटकांचे कार्य

स्प्रिंग भार पेलते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. ती ऊर्जा लगेच परत मिळाल्यास गाडी झुलत राहील, म्हणून शॉकअप आपल्यातील तेल लहान छिद्रांतून ढकलून तिचे उष्णतेत रूपांतर करतो. गाडीची उंची ठरवण्याचे काम मुख्यतः स्प्रिंगचे असते. गाडी मागून बसली असता केवळ शॉकअप बदलून ती पूर्ववत होत नाही, याचे कारण हेच. बुशमधील रबर आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते आणि भुजा हलताना ते पिळले जाते. बम्प स्टॉपर हा शेवटचा आधार असून पूर्ण दाबाच्या वेळी धातूवर धातू आदळू देत नाही.

किनारी प्रदेशातील परिस्थिती

जामसंडे हे देवगड-जामसंडे नगरपंचायतीच्या हद्दीतील गाव अरबी समुद्राच्या काठावर आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या काळात येतो. येथील वाहनांच्या मागील सस्पेन्शनवर तीन गोष्टींचा परिणाम होतो.

पहिली गोष्ट म्हणजे मीठ. हवेतील क्षार पत्र्यावर बसून ओलावा धरून ठेवतात आणि गंजण्याची क्रिया पाऊस नसतानाही चालू राहते. स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा ज्या वाटीत बसतो, तेथे जांभ्याची तांबडी माती साचते. खडीच्या आघाताने स्प्रिंगवरील संरक्षक लेप उडाला असेल, तर तेथे गंजाचे खोल डाग पडतात आणि काही काळाने वेढ्याचे टोक तुटते. शॉकअप व बीमचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून अडकणे ही दुसरी नेहमीची अडचण होय. पुळणीवर गाडी नेल्यास खारे पाणी व वाळू थेट या भागांवर उडते.

दुसरी गोष्ट भार. मार्च ते मे या हापूसच्या हंगामात आंब्याच्या पेट्या डिकीत व दुमडलेल्या मागच्या आसनावर रचल्या जातात. गणेशोत्सवात मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्या ऐन पावसाळ्यात माणसे व सामान यांनी भरलेल्या असतात. मागच्या ॲक्सलच्या मागे ठेवलेल्या वजनाचा परिणाम त्याच्या प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक होतो, कारण त्या वजनाने गाडीचा पुढचा भाग उचलला जाऊन तो भारही मागे येतो.

तिसरी गोष्ट रस्ता. जामसंडे येथून शिरगावमार्गे नांदगावला राष्ट्रीय महामार्ग ६६ लागतो. पुढे फोंडाघाटमार्गे दाजीपूर, राधानगरी व निपाणीकडे जाता येते. चढ-उतार, वळणे आणि पावसाने पडलेले खड्डे अशा मार्गावर शॉकअपना सतत काम करावे लागते. घाट उतरताना ब्रेक लावल्यावर भार पुढे सरकून मागची चाके हलकी होतात; अशा वेळी निकामी शॉकअपमुळे ती उडत राहिल्यास पकड सर्वाधिक कमी होते.

लक्षणे

- लहान खाचांवर, कमी वेगात खटखट : शॉकअपचे वरचे माउंटिंग किंवा खालचा बोल्ट सैल असणे, बुश फाटणे अथवा स्प्रिंगचे टोक तुटणे.
- मोठ्या खड्ड्यात धप्प असा आवाज : अतिभार, बसलेली स्प्रिंग किंवा तुटलेला बम्प स्टॉपर.
- गतिरोधकावर कुरकुर किंवा चीं असा आवाज, जो ओल्या हवेत बदलतो : कोरडा पडलेला किंवा फाटलेला बुश, स्प्रिंगखालील रबर निसटणे.
- धक्क्यानंतर गाडी दोन-तीन वेळा झुलणे : निकामी शॉकअप.
- टायरवर ठरावीक अंतराने खोलगट झीज : बहुधा निकामी शॉकअप किंवा चाकाचा असमतोल.
- टायरच्या एकाच कडेची झीज, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरके राहणे : चाकांचे कोन बिघडणे, बीम वाकणे किंवा बीमचे बुश झिजणे.
- गाडी एका बाजूस झुकणे : तुटलेली किंवा बसलेली स्प्रिंग.
- वेगाबरोबर वाढणारी घुंघुं : बहुधा हब बेअरिंग किंवा टायर, याचा सस्पेन्शनशी संबंध नसतो.
- रात्री समोरचे चालक वारंवार दिवे मिचकावणे : मागची बाजू बसल्याने हेडलाइटचा झोत वर जाणे.

निदान

निदानाची सुरुवात गाडी रिकामी करून होते. डिकीतील सामान, जॅक, पाने व जादा चाक बाहेर काढून त्याच रस्त्यावर गाडी पुन्हा चालवतात. आवाज थांबल्यास शोध तेथेच संपतो. मागच्या दाराचे कुलूप व सायलेन्सर टांगणारी रबरे याच टप्प्यावर तपासतात. आवाज येत असताना ब्रेक हलकेच दाबल्यावर तो थांबत असेल, तर संशय ब्रेकच्या भागांवर जातो.

यानंतर सपाट जागेवर, सर्व टायरांत योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजतात. दोन्ही अंतरांत लक्षणीय फरक असल्यास स्प्रिंगची दोन्ही टोके बॅटरीच्या उजेडात पाहतात. तुटलेला तुकडा वाटीत अडकून राहत असल्याने वरवर पाहता स्प्रिंग अखंड भासू शकते. डाव्या-उजव्या स्प्रिंगची तुलना केल्यास फरक कळतो.

शॉकअपच्या अंगावर तेलाचा पातळ, धुळकट थर असणे हा नेहमीच बिघाड नसतो. ओघळ दिसत असल्यास, दांड्यावर गंज किंवा ओरखडे असल्यास तो बदलावा लागतो. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडण्याची परीक्षा सर्वपरिचित आहे, परंतु तिने पूर्ण निकामी शॉकअपच ओळखता येतो. खडबडीत रस्त्यावर काही किलोमीटर गेल्यावर दोन्ही शॉकअपचे तापमान पडताळणे ही गॅरेजमधील जुनी युक्ती आहे : एक कोमट आणि दुसरा थंड असेल, तर थंड असलेला काम करत नाही. हे करताना तापलेल्या सायलेन्सरपासून हात दूर ठेवावा लागतो.

बुशची तपासणी गाडी रॅम्पवर, चाकांवर भार असतानाच करणे श्रेयस्कर असते. भुजेजवळ लोखंडी टॉमी लावून हलका जोर दिल्यावर रबर थोडे दबणे स्वाभाविक आहे. ते धातूपासून सुटलेले दिसणे किंवा भुजा ठोका देत हलणे हा दोष होय.

दुरुस्ती

सुरक्षितता

बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. मागची चाके उचलल्यावर तो गाडी धरून ठेवू शकत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके किंवा दगड लावतात व पुढच्या चाकांना चालना असलेली गाडी गिअरमध्ये ठेवतात. उतारावर किंवा पावसाने भिजलेल्या मातीवर हे काम करत नाहीत, कारण जॅक रुततो. उत्पादकाने दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी भक्कम स्टँडवर टेकवतात. केवळ जॅकवर असलेल्या गाडीखाली जाणे प्राणघातक ठरू शकते.

शॉकअप व स्प्रिंग

अनेक ट्विस्ट बीम गाड्यांत चाक खाली किती लोंबेल हे शॉकअपच ठरवतो. भुजेला खालून आधार न देता त्याचा बोल्ट काढल्यास बीम झटक्याने खाली येतो, स्प्रिंग सुटते आणि ब्रेकची नळी व एबीएसची तार ताणली जाते. म्हणून भुजेखाली दुसरा जॅक ठेवून ती सावकाश उतरवतात. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडणीत असल्यास स्प्रिंग दाबण्याचे साधन अपरिहार्य असते.

शॉकअप जोडीने बदलतात, कारण एक नवा व एक जुना असल्यास दोन्ही चाकांची पकड असमान होते. स्प्रिंगांनाही हाच नियम लागू आहे. गंजलेल्या बोल्टवर आदल्या दिवशी गंज सैल करणारे तेल टाकून ठेवल्यास तो मोडण्याचा धोका कमी होतो. शॉकअपचा दांडा पकडीने धरल्यास त्यावर ओरखडे पडतात आणि नवे सीलही लवकर गळू लागते.

बुश

बुश प्रेसने काढून बसवतात. अनेक बुशना विशिष्ट दिशा असते व त्यांवर खूण असते. रबर नळीला चिकटलेले असल्यामुळे बोल्ट अंतिम घट्ट करताना गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर असावी लागते. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळल्यास गाडी खाली टेकताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश अल्पकाळात फाटतो.

तात्पुरते उपाय

स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर बसवणे, बसलेल्या स्प्रिंगला पुन्हा पाणी देणे, गळक्या शॉकअपमध्ये तेल भरणे असे उपाय प्रचलित आहेत. बफरमुळे गाडीची उंची वाढते, परंतु उत्पादकाने ठरवलेली भारमर्यादा वाढत नाही आणि बफरला लागून असलेल्या वेढ्यांवर ताण येतो. स्प्रिंगचे पोलाद नियंत्रित उष्णताप्रक्रियेने तयार होते. भट्टीत अंदाजाने तापवल्यास ते ठिसूळ होऊ शकते. वाकलेला किंवा तडा गेलेला ट्विस्ट बीम ठोकून अथवा वेल्डिंग करून वापरणे धोक्याचे असते, कारण हाच भाग हजारो वेळा पिळला जातो.

चाकांचे संरेखन

दुरुस्तीनंतर चारही चाकांचे संरेखन तपासावे लागते. मागची चाके ज्या दिशेने ढकलतात तीच गाडीची खरी दिशा असते. केवळ पुढची चाके जुळवल्यास गाडी सरळ जाते, पण स्टीअरिंग तिरके राहते. ट्विस्ट बीममधील कोन मर्यादेबाहेर आढळल्यास बहुधा बीम, हबचा दांडा किंवा सांगाड्यावरील जोडणी यांत दोष असतो.

देखभाल

किनारी भागात गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने नियमित धुणे हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय आहे. स्प्रिंगच्या वाट्यांतील माती काढणे व पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवणे याला विशेष महत्त्व आहे. आंब्याच्या हंगामानंतर आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी उपयुक्त ठरते. भार नेताना जड वस्तू मागच्या आसनाच्या पाठीला लागून, खाली ठेवतात व टायरमध्ये गाडीवरील पट्टीत दिलेला पूर्ण भाराचा हवेचा दाब राखतात. खनिज तेल किंवा ग्रीसमुळे रबर फुगते व मऊ पडते. त्यामुळे आवाज थांबवण्यासाठी बुशवर तेल सोडल्यास तेवढ्यापुरता आराम मिळतो आणि बुशचे आयुष्य कमी होते.

हेही पाहा

- शॉक ॲब्सॉर्बर
- चाकांचे संरेखन
- गंज
- देवगड तालुका