कंपनीच्या नावाने फोन आला तर



सोयाबीनचे पैसे जमा व्हायचे दिवस आहेत, आणि नेमके ह्याच दिवसांत भामट्यांचे फोन येतात. "कंपनीतून बोलतोय, तुमचं पेमेंट अडकलंय. कोड पाठवलाय, तो स्कॅन करून पिन टाका, लगेच जमा होतील." समोरच्याला तुमचं नाव, गाव, कधी कधी मालाचं वजनसुद्धा माहीत असतं. तेवढ्यावर भुलू नका. ही माहिती ग्रुपवर टाकलेल्या काटापावतीच्या फोटोतूनही मिळते, तेव्हा तेही फोटो टाकणं बंद करा.

*यूपीआय पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना नाही.* मालाचे पैसे कंपनी थेट तुमच्या बँक खात्यात टाकते. त्यासाठी तुम्ही फोनवर काहीच दाबायचं नसतं.

दुसरा प्रकार म्हणजे 'पीएम किसान'च्या नावाने येणारी एपीके फाईल. ते ॲप बसवलं की तुमचे मेसेज, ओटीपीसकट, भामट्याला दिसू शकतात. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, त्या माणसाचाच फोन हॅक झालेला असू शकतो. बसवलंच असेल तर इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

पैसे गेलेच तर लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसू नका. त्याच मिनिटाला १९३० वर फोन लावा. भामट्याने रक्कम काढायच्या आत तक्रार गेली तर ती त्याच्या खात्यात गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा. मग कार्यालयात कळवा, म्हणजे बाकीच्या सभासदांना लगेच मेसेज टाकता येईल.