चाळीस तारांचं चाक

जुनी बुलेट घरी आणलेला माणूस पहिल्यांदा टाकीचा रंग ठरवतो, मग तिच्यावरचे सोनेरी पट्टे, मग सायलेन्सरचा आवाज. चाकांची पाळी येते पैसे संपत आल्यावर. पेडणे-डिचोलीकडे अशा गाड्या खूप दिसतात. टाकीत तोंड बघावं इतकी चकाकी, आणि पुढच्या रिमला आउट, म्हणजे फिरताना ती डुलते. मी म्हणतो, रंग पुढच्या वर्षी काढा, आधी चाकं सोडवा.

इतिहास उरकून घेतो. बुलेटला मागे स्विंग आर्म, म्हणजे गॅरेजमधला ‘चिमटा’, आणि तेलाचे शॉकअप १९४९ च्या सुमारास मिळाले. तेव्हा इंग्लंडातल्या बऱ्याच गाड्यांचं मागचं चाक फ्रेमला ताठ जखडलेलं असे. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. कारखाना तिरुवोट्टियूरला, एमआरएफचा पहिला टायर कारखानाही तिथलाच, आणि १९७० च्या दशकापासून त्यांचे टायर आपल्या उसगावातही निघतात.

बुलेटच्या चाकात ४० स्पोक. तार ढकलून काही धरू शकत नाही, ओढूनच धरते. मग दीडशे किलोंवरची गाडी आणि वर बसलेली दोन माणसं उभी कशावर राहतात? सगळे स्पोक आधीच ताणून बसवलेले असतात. वजन पडलं की रस्त्याकडच्या चार-पाच स्पोकांचा ताण उतरतो, बाकीच्यांचा जवळपास तसाच राहतो. त्या फरकावर गाडी तोललेली असते. एक स्पोक ढिला पडला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो आणि तुटतात ते शेजारीच. स्पोक हबमधून सरळ न निघता तिरके, एकमेकांना ओलांडत जातात, कारण ब्रेक दाबल्यावर ड्रमचा पीळ रिमपर्यंत त्यांनीच पोचवायचा असतो.

हळर्णचा किल्ला बघायला जाणं हे बुलेट बाहेर काढायचं माझं जुनं निमित्त. शापोरा नदीकाठचा हा सावंतवाडीकर भोसल्यांचा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि घेणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे ‘मार्केझ द आलोर्ना’ हा किताब मिळाला. पेडण्यातल्या एका गावाचं नाव असं लिस्बनच्या सरदार घराण्याला चिकटलं. त्याच वाटेवर एका मेस्ताच्या पडवीत चाक बांधताना मी तासभर बसलो आहे. पान्याच्या टोकाने तो एकेक स्पोक वाजवायचा. नीट ताणलेला खणखणतो, ढिला बद्द बोलतो. मी काही विचारलं की म्हणायचा, “बाब, तार उलयता, तूं आयक.”

चाक उसवण्याआधी ड्रमच्या कडेला पट्टी लावून रिमची कड किती आत-बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवावं. ड्रम एका अंगाला असल्यामुळे रिम हबच्या बरोबर मधोमध नसते. बांधताना आधी वर-खाली उडी काढावी, मग डावा-उजवा आउट. एक मिलिमीटरच्या आत आलं की उत्तम. रिमच्या आत डोकावणारी स्पोकची टोकं कानशीने घासून वर रिम टेप लावावी, नाहीतर ट्यूब आतूनच पंक्चर होते. किनाऱ्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पाहता आपल्याकडे स्पोक स्टेनलेसचेच घ्यावेत, निपल पितळेचे, आट्यांना ग्रीस. स्वस्त क्रोमच्या रिमला पावसाळ्यात फोड यायला वेळ लागत नाही.

टायरचं माप ३.२५-१९, म्हणजे रुंदी सव्वातीन इंच, रिम १९ इंचांची. हल्ली रुबाबासाठी मागे जाडजूड टायर घालायची हौस आहे. मूळची रिम आतून जेमतेम १.८५ इंच, तिच्यात रुंद टायर चिमटला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि वळणावर गाडी विचित्र पडते. वर तो चेनकव्हरला घासतो ते वेगळंच. ३.५० पर्यंत ठीक, त्यापुढे नाही. पुढे उभ्या रेघांचा टायर हवा, सरळ धरून चालतो. नक्षी शाबूत असली तरी बाजूवरचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. डिचोलीच्या खाणपट्ट्यातल्या लाल, ओल्या उतारावर ते कळेपर्यंत उशीर होतो.

सस्पेन्शनमध्ये लोक मागचे शॉकअप बदलतात आणि पुढचा फोर्क विसरतात. फोर्कच्या नळीवर गंजाचे बारीक खड्डे पडले असतील तर तेलाचं सील कितीही नवं घाला, ते फाटणारच. नळी घासून हार्ड क्रोम करून घ्यावी, नाहीतर बदलावी. फोर्कमध्ये जाड तेल भरून तो ताठ करणं ही पळवाट. खड्ड्यात तो दबतच नाही. मागचे शॉकअप मूळच्याच लांबीचे हवेत. लांब घातले की शेपूट वर जाते, पुढचा फोर्क उभा होतो आणि हँडल चुळबुळतं. चिमट्याचे बुश त्याच वेळी बघावेत. ते झिजलेले असले तर नव्या शॉकअपनेही गाडी डुलतेच. सगळं जोडून झाल्यावर मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरी ताणून दोन्ही एका रेषेत आहेत का बघावं. पाचेकशे किलोमीटर चालवल्यावर स्पोक पुन्हा एकदा वाजवून ढिले पडलेले ताणून घ्यावेत.