रक्सौलचा नाका आणि काठमांडूची चूल

नेपाळमध्ये तेलशुद्धीकरण कारखाना नाही. पेट्रोल, डिझेल, गॅस सगळं भारतातून येतं, आणि पुरवते ती इंडियन ऑइल. तेव्हा सीमेवरचा नाका अडला की काय होतं? ते 2015 मध्ये दिसलं. एप्रिलच्या भूकंपातून देश सावरत होता. सप्टेंबरात नवी राज्यघटना आली, तिच्याविरोधात दक्षिणेकडच्या मधेस भागात आंदोलन पेटलं आणि भारत–नेपाळ सीमेवरचा रक्सौल–बीरगंज हा मुख्य रस्ता पुढचे काही महिने जवळजवळ ठप्प झाला. काठमांडूत पंपांवर रांगा लागल्या, गॅसअभावी लोक लाकडावर रांधू लागले. भूकंपात घर गेलेल्यांनी तो हिवाळा कसा काढला असेल, या विचाराने आजही अस्वस्थ व्हायला होतं.

2019 मध्ये मोतिहारी–अमलेखगंज ही 69 किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. टँकरची वाहतूक घटली, गळती कमी झाली. पण तेल अजून त्याच शेजाऱ्याचं.

खरा बदल मला जकातीत दिसतो. नेपाळने पेट्रोलच्या मोटारींवर जबर कर ठेवले आणि विजेच्या मोटारींवर त्या मानाने फार कमी. त्यामुळे अलीकडे तिथे आयात होणाऱ्या नव्या मोटारींत विजेवरच्याच जास्त असतात. वीज बहुतांशी नद्यांवरची, घरची. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: इंधन व मोटारींवरची जकात हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार. तेल कमी आलं, तर ही रक्कमही घटते. म्हणून विजेच्या मोटारींवरचा कर अर्थसंकल्पात अधूनमधून वाढतो.