बांगडी वाकते का आणि तुटते कधी?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘डिफेक्ट’ सापडला की सगळ्यांची झोप उडते. तो निघेपर्यंत चैन नसते. पण आज ज्या डिफेक्टबद्दल बोलायचंय, तो नसता तर सोनाराला बांगडी वळवताच आली नसती.

सोनं, तांबं, लोखंड हे धातू स्फटिकमय असतात. त्यांच्यातले अणू शाळेच्या कवायतीसारखे ओळीत उभे असतात. अणूंचा एक अख्खा थर दुसऱ्यावरून सरकवायला किती जोर लागेल, याचा हिशेब याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडला. प्रत्यक्षात शुद्ध, मऊ धातूचा स्फटिक त्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी जोरात सरकतो. असं का?

उत्तर १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे दिलं. कवायतीतली एखादी रांग मध्येच संपते, तिथे शिस्त मोडते. या दोषाला डिसलोकेशन म्हणतात. हॉलभर पसरलेली जड सतरंजी एकदम ओढून बघा, हलणार नाही. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली, तर सतरंजी वीतभर सहज सरकते. डिसलोकेशन म्हणजे ही सुरकुती. ती पुढे सरकते, म्हणून धातू न तुटता वाकतो.

मात्र धातू ठोकला किंवा वाकवला की या सुरकुत्या भराभर वाढतात. भरपूर ठोकलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमध्ये त्यांची एकूण लांबी चंद्राच्या अंतराहूनही, म्हणजे सुमारे ३,८४,००० किलोमीटरहूनही, जास्त भरते! मग त्या एकमेकींत अडकतात. गुंता झाला की धातू कडक होतो. तरीही वाकवत राहिलं, तर तुटतो.

पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर हेच जाणून काम करतात. भांडं घडवताना मधूनमधून ते तापवतात. उष्णतेने अणू पुन्हा नीट रांगा धरतात, गुंता सुटतो, तांबं मऊ होतं. शेवटचे मठारकामाचे ठोके दिल्यावर मात्र ते तापवत नाहीत, म्हणून भांडं ताठ राहतं.

आता आपला नेहमीचा प्रश्न. आजीच्या पाटल्यांना पोचे पडतात आणि इथल्या मॉलमधली १४ कॅरटची अंगठी तशीच राहते, मग आपलं सोनं कमी प्रतीचं का? मुळीच नाही. २२ कॅरटमध्ये सुमारे ९१.६ टक्के सोनं असतं, १४ कॅरटमध्ये सुमारे ५८.५ टक्के. उरलेल्या भागात बहुधा तांबं आणि चांदी असते. तांब्याचा अणू सोन्याच्या अणूहून लहान. तो रांगेत बसला की आजूबाजूची ओळ वाकडी होते आणि सुरकुती तिथे अडते. म्हणून १४ कॅरट कडक. खडा घट्ट धरून ठेवायला असं सोनं बरं, तर घडवायला आणि साठवायला २२ कॅरट.

तेव्हा वाकलेली बांगडी घरी पुन्हा पुन्हा दाबून सरळ करू नका. दर वेळी आतला गुंता वाढतो आणि एक दिवस तडा जातो. जाणत्या सोनाराकडे न्या, तो गरजेप्रमाणे तापवून सरळ करेल. मोती किंवा मीनाकाम असेल तर आधी सांगा, कारण उष्णतेने त्यांचं नुकसान होतं. एवढी काळजी घेतली, तर आजीची पाटली नातीच्याच काय, पणतीच्याही हातात खुशाल जाईल.