फुप्फुसातील लहान गाठीचा ठाव

मनुष्याचे फुप्फुस स्पंजासारखे मऊ व हवेने भरलेले असते. त्यात कधी कधी लहानशी गाठ निर्माण होते. अशा पुष्कळ गाठी निरुपद्रवी असतात. परंतु एखादी कर्करोगाचा आरंभ असू शकते. साध्या क्ष-किरणचित्रात न दिसणाऱ्या काही मिलिमीटरच्या गाठीही सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतात.

तथापि, गाठ चित्रात दिसणे निराळे आणि ती शस्त्रवैद्याच्या हाती लागणे निराळे. पूर्वी छाती उघडून बोटांनी फुप्फुस चाचपून गाठ शोधीत असत. आता बरगड्यांमधील दोन-तीन लहान छिद्रांतून दुर्बीण व लांब दांड्यांची उपकरणे आत घालून शस्त्रक्रिया करता येते. रुग्णाला वेदना कमी होतात व तो लवकर बरा होतो. परंतु बोटांचा स्पर्श दुरावतो. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळी त्या बाजूच्या फुप्फुसातील हवा काढून टाकलेली असते. भरलेल्या फुग्यावर काढलेला ठिपका फुगा आकसल्यावर जागा बदलतो, तसाच प्रकार येथे होतो. गाठ सापडली नाही, तर छाती उघडावी लागते किंवा फुप्फुसाचा अधिक भाग गमवावा लागतो.

म्हणून गाठीजवळ आधीच खूण करून ठेवतात. सीटी चित्र पाहत छातीतून सुई घालून टोकाला आकडा असलेली बारीक तार किंवा प्लॅटिनमची सूक्ष्म गुंडाळी तेथे ठेवता येते. तार कधी निसटते. सुईच्या छिद्रातून हवा छातीच्या पोकळीत शिरण्याचाही संभव असतो. मेथिलीन ब्लू हा निळा रंग टोचल्यास तो हळूहळू पसरतो, आणि काजळीने काळवंडलेल्या फुप्फुसावर नीट दिसत नाही. इंडोसायनीन ग्रीन हे द्रव्य मात्र अवरक्त किरणांच्या विशेष कॅमेऱ्यात चमकते.

श्वासनलिकेच्या वाटेनेही खूण करता येते. जपानमधील मासाआकी सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वर्णिलेल्या पद्धतीत फुप्फुसाच्या पृष्ठभागावर अनेक ठिकाणी रंगाचे ठिपके उमटवून जणू नकाशाच तयार करतात. त्यावरून गाठीची जागाच नव्हे, तर छेदाची मर्यादाही ठरते.

कोणतीही एक पद्धत सर्वांना लागू पडत नाही; गाठीची खोली व जागा पाहून निवड करावी लागते. हेतू मात्र एकच : रोग पूर्णपणे निघावा आणि निरोगी फुप्फुस शक्य तितके राखले जावे.